बुधवारी गप्प होणारा लॉगर: /प्रॉक वाचत केलेल्या तपासाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून आज पुन्हा फोन. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरचा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवून सर्व्हरकडं पाठवणारा आमचा छोटा लिनक्स संगणक, गप्प होतो. दिवा जळत असतो, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर येतं, पण ऑफिसातल्या सर्व्हरवर भट्टीचं तापमान यायचं थांबतं. वीज बंद करून चालू केली की सगळं सुरळीत. तिथं एकूण सात लॉगर आहेत, बाकीच्या सहांना काही होत नाही. हे सुरू झालं १४ मेनंतर. त्या दिवशी सकाळी आम्ही सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर नवीन केलं होतं आणि सगळे लॉगर एकदा बंद-चालू केले होते.

मेंटेनन्सच्या मामांनी वहीतून तारखा वाचून दाखवल्या. २१ मे, २८ मे, ४ जून. तिन्ही बुधवार.

“बुधवारी जनरेटरची टेस्टिंग असते आमच्याकडं, अकराला. त्येच्याच झटक्यानं जातंय बघा हे, साहेब.”

या संशयापायी एक पॉवर सप्लाय बदलून झालाय, अर्थिंग तपासून झालंय, आता यूपीएसचं कोटेशन मागवायचं चाललंय. मी मामांना वेळा विचारल्या. त्यांची वही चोख असते. पहिल्यांदा ११.२०, मग १२.०५, मग १.२५. जनरेटर दर वेळी अकरालाच सुरू होतो आणि लॉगर मात्र दर वेळी आणखी उशिरा जातो. झटक्यानं जाणारी वस्तू अशी वागत नाही. काहीतरी हळूहळू भरत येतंय, आणि ते काठोकाठ भरायला सात दिवस आणि वर थोडा वेळ लागतोय.

मामांना एकच विनंती केली. या बुधवारी गप्प झाला तर बंद करू नका, मला फोन करा. वीज घालवली की काय बिघडलं होतं हे सांगणारं सगळंच पुसलं जातं. “तोवर रेकॉर्ड हातानं लिहितो, पण तुम्ही लगोलग या,” म्हणाले.

११ जून, बुधवार

फोन २.५५ला आला. कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल असं करत पावणेचारला फौंड्रीत पोचलो. इंटर्नशिपला आलेली मुलगीही बरोबर होती. भट्टीजवळ खुर्ची टाकून मामा दर दहा मिनिटांनी तापमान वहीत लिहीत बसले होते.

लॉगरमध्ये एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून कमांड देण्याच्या वाटेनं, शिरता आलं. म्हणजे लिनक्स जिवंत आहे, आमचा प्रोग्रॅम तेवढा रुसलाय. पण चालू प्रोग्रॅममध्ये डोकवायची साधनं आत काहीच नाहीत. आमच्या बिल्डमध्ये एलएसओएफ नाही, एसट्रेस नाही, डीबगर नाही. बिझीबॉक्स या छोट्या संचातल्या मोजक्या कमांड, फक्त वाचता येणारी रूट फाइल सिस्टीम, आणि फौंड्रीच्या नेटवर्कला बाहेरचं इंटरनेट मुद्दामच नाही, म्हणून काही उतरवून घ्यायचीही सोय नाही. प्रोग्रॅमची स्वतःची लॉग फाइल उघडली तर शेवटची ओळ २.४०ची, तीही नेहमीची. तक्रार कसलीच नाही.

उरलं /प्रॉक: लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालू प्रोग्रॅमची (प्रोसेसची) माहिती जिथं फायलींच्या रूपात दाखवतो ते फोल्डर. त्यातल्या आकड्यांच्या नावाच्या प्रत्येक फोल्डरमध्ये ‘कॉम’ ही फाइल असते, तीत प्रोसेसचं नाव. ती सगळी वाचून आमचा प्रोग्रॅम ६१२ नंबरचा निघाला. मग /प्रॉक/६१२/स्टेटस वाचली. स्टेट: एस, म्हणजे झोपलेला. थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे धागे) ४, नेहमीइतके. व्हीएमआरएसएस १८,४३२ केबी, म्हणजे मेमरी वाढलेली नाही. स्टेट ‘डी’ असता तर हार्डवेअरकडं बघावं लागलं असतं, ‘झेड’ असता तर प्रोग्रॅम कधीच मेलेला असता. ‘एस’मध्ये तो कशावर झोपलाय हे ‘डब्ल्यूचान’ सांगते. तिथं नॅनोस्लीपचं नाव होतं. म्हणजे हा अडकलेला नाही. आपणहून थोडा वेळ झोपतो, उठतो, काहीतरी करून बघतो, जमत नाही, परत झोपतो.

काय जमत नाही? मग एफडी फोल्डर मोजलं (एलएस यादी देतं, डब्ल्यूसी तिच्या ओळी मोजतं). प्रोसेसनं उघडलेल्या प्रत्येक फाइल, सॉकेट (नेटवर्कची जोडणी), पाइपसाठी तिथं एक लिंक असते; अशा उघड्या वस्तूच्या नंबराला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात, एफडी हे त्याचंच लघुरूप.

एलएस /प्रॉक/६१२/एफडी | डब्ल्यूसी -एल
१०२४

हा आकडा दिसला आणि मी तिथंच मुलीला म्हटलं, सापडलं. तिनं ‘लिमिट्स’ फाइल उघडली. मॅक्स ओपन फाइल्स, सॉफ्ट लिमिट: १०२४. बरोबर काठावर. शेजारच्या निरोगी लॉगरवर तोच आकडा १४ होता.

एलएस -एल केल्यावर जवळपास सगळ्या लिंका सॉकेटच्या. प्रत्येकीच्या चौकटी कंसात एक इनोड नंबर, म्हणजे त्या सॉकेटची ओळख. तोच नंबर नेटवर्क जोडण्यांच्या /प्रॉक/नेट/टीसीपी या तक्त्यात शोधायचा. तक्ता नव्या माणसाला किचकट वाटतो, कारण पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, आणि उलटे लिहिलेले असतात. दूरचा पत्ता होता ०ए०१ए८सी०:१एफ९०. शेवटाकडून दोन-दोन अक्षरं घ्यायची: सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, मग १, मग १०. पोर्ट १एफ९० म्हणजे ८०८०. हा आमचाच सर्व्हर, १९२.१६८.१.१०. आणि स्थितीच्या रकान्यात ओळीमागून ओळ ०८. ०८ म्हणजे क्लोज-वेट: समोरच्यानं जोडणी बंद केली, आपण अजून केलेली नाही.

गणित तिथंच, मामांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. भट्टीचं तापमान सावकाश बदलतं, म्हणून हा एकच लॉगर दर दहा मिनिटांनी माहिती पाठवतो. बाकीचे दर दहा सेकंदांनी. सर्व्हरवरचं नवं सॉफ्टवेअर ७५ सेकंद रिकामी राहिलेली जोडणी आपणहून बंद करतं. दहा सेकंदवाल्यांची जोडणी कधी रिकामी राहतच नाही. याची प्रत्येक वेळी राहते. प्रत्येक वेळी आमचा प्रोग्रॅम नवी जोडणी उघडतो आणि जुनी बंद करायची विसरतो. तासाला सहा, दिवसाला १४४. १०२४मधून सुरुवातीचे १४ वजा केले की १०१०. भागिले १४४. सात दिवस आणि वीस मिनिटं.

मामांनी आकडा बघितला, वहीतल्या वेळा बघितल्या. बंद पडल्यावर कधी पंचवीस मिनिटांनी, कधी तासाभरानं त्यांनी स्विच मारला होता. तो उशीर आणि वरची वीस मिनिटं, एवढं पुढच्या बुधवारी उतरलेलं.

“म्हंजे जनरेटरचा काय संबंधच न्हाई?”

काहीच नाही. आम्ही १४ मेला, बुधवारी सकाळी सगळं बंद-चालू केलं, म्हणून बुधवार. चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये, आमच्या हातची. मी तसं स्पष्ट सांगितलं.

आणि लॉग फाइल गप्प का? आमचा प्रोग्रॅम तक्रार लिहिताना दर वेळी लॉग फाइल नव्यानं उघडतो. उघडायला एक डिस्क्रिप्टर लागतो. तोच शिल्लक नव्हता. बिचाऱ्याला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी वस्तूच संपली होती. अशा वेळी प्रोग्रॅमला विचारून उपयोग नसतो, कर्नेलला विचारावं लागतं. कर्नेलकडं हिशेब होता, आणि तो वाचायला एलएस आणि कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) पुरले.

१२ जून, गुरुवार

काल निघताना मुलीला सांगितलं होतं की बंद-चालू करण्याआधी /प्रॉक/६१२ची प्रत घेऊन ठेव. तिनं टार केलं, म्हणजे सगळ्याची एका फाइलीत मोट बांधली. आज ऑफिसात, राजारामपुरीत, उघडून बघितलं तर फायलींची नावं सगळी आहेत, आत काहीच नाही. ती घाबरली. नशिबानं मी महत्त्वाच्या फायली कॅट करून लॅपटॉपवर घेतल्या होत्या.

तिची चूक नव्हे. /प्रॉकमधल्या फायली आपला आकार जवळपास सगळीकडं शून्य दाखवतात. टार आधी आकार विचारतो, शून्य ऐकतो आणि शून्य बाइट भरून पुढं जातो. कॅट आकार विचारत बसत नाही, संपेपर्यंत वाचत राहतो.

“पण दादा, आकार शून्य आणि आत मजकूर, हे कसं?”

तिला राजाराम बंधाऱ्याची आठवण करून दिली. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठून बंधाऱ्यावरची पातळी विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या पट्टीत पाणी साठवलेलं नसतं. पट्टी ज्या क्षणी वाचली त्या क्षणी नदी कुठं आहे एवढंच ती सांगते. /प्रॉक/लोडअ‍ॅव्हरेज उघडली की कर्नेल त्याच क्षणी आकडे काढतो, ओळ बनवतो, हातात देतो. डिस्कवर काही नाही. पुन्हा उघडली की पुन्हा नव्यानं. म्हणूनच कालची पातळी हवी असेल तर कुणीतरी काल वहीत लिहायला हवी होती. /प्रॉकला इतिहास नाही, आणि प्रोसेस मेली की तिचं फोल्डरही गेलं. मामांना ‘बंद करू नका’ म्हटलं ते याच्यासाठी.

मग ती म्हणाली की हे एवढं सोपं कुणाला सुचलं. १९८४ साली बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी आठव्या आवृत्तीच्या युनिक्सवरच्या कामात हे मांडलं. तोवर चालू प्रोसेसच्या आत डोकवायचं तर पीट्रेस ही सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमनं कर्नेलला करायची विनंती) होती. तिनं एका वेळी मेमरीचा एक शब्द मिळायचा, आणि तोही डीबगरनं त्या प्रोसेसचा ताबा घेतला असेल तरच. किलियन यांनी प्रोसेसची मेमरीच फाइल केली. उघडा, हव्या त्या जागी जा, वाचा. नेहमीचे ओपन, सीक, रीड. परवानग्याही फाइलच्याच. नवं यंत्र शिकायची गरजच ठेवली नाही. पुढं बेल लॅब्जच्याच प्लॅन ९ या सिस्टीमनं एका फाइलचं फोल्डर केलं आणि आत साधा मजकूर ठेवला. तिथं ‘सीटीएल’ फाइलमध्ये ‘किल’ हा शब्द लिहिला की प्रोसेस संपते. दुसऱ्या मशीनचं /प्रॉक आपल्याकडं जोडून तिथली प्रोसेस इथून डीबग करता येते. युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह रिलीज ४ या आवृत्तीत रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी तीच कल्पना आपल्या पद्धतीनं नेली. लिनक्समध्ये ती १९९२ला आली, मजकुराच्या फायलींसकट.

हा मजकूर माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पीएस, टॉप, फ्री, अपटाइम ही रोजची साधनं लिनक्सवर हेच वाचून आपल्यासमोर नीट मांडतात. त्यांच्याकडं वेगळं गुपित नाही. ती नसली तरी मूळ वही आपल्याला उघडी आहे.

१३ जून, शुक्रवार

दुरुस्ती चार ओळींची. समोरून जोडणी बंद झालेली दिसली की जुना सॉकेट आधी बंद, मग नवा. लॉग फाइल सुरुवातीलाच उघडून तशीच धरून ठेवायची. सातही लॉगरवर नवी आवृत्ती चढवली.

चढवली म्हणजे चालू झालीच असं नाही. प्रत्येकाची /प्रॉक/<पीआयडी>/एक्सई ही लिंक बघितली. ती चालू प्रोग्रॅम नेमक्या कुठल्या फाइलवरून उठलाय ते दाखवते. दोन लॉगरवर लिंकपुढं ‘डिलीटेड’ असा शेरा. नवी फाइल जागेवर आली होती, पण प्रोसेस अजून जुन्याच, आता नाव गेलेल्या फाइलवर चालू होती. त्या दोन्ही पुन्हा सुरू केल्या. हे बघितलं नसतं तर पुढच्या आठवड्यात ‘दुरुस्ती करूनही तेच’ असा फोन आला असता आणि आम्ही बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसलो असतो.

मुलीनं पहाऱ्यासाठी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. दर दहा मिनिटांनी एफडीची संख्या, व्हीएमआरएसएस आणि थ्रेड, वेळेसह एका ओळीत सर्व्हरकडं. पट्टीशेजारची वही म्हणजे हीच. दोन गोष्टी तिला बदलायला लावल्या. एक, ‘स्टॅट’ फाइलची ओळ जागांवर सरळ तोडायची नाही. प्रोसेसचं नाव त्यात कंसात असतं, आणि नावातच जागा किंवा कंस आला तर पुढचे सगळे रकाने सरकतात. शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्या पुढून मोजायचं. दोन, पीआयडीवर, म्हणजे प्रोसेसच्या नंबरावर, विसंबायचं नाही. प्रोसेस मेल्यावर तोच नंबर उद्या दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. ‘स्टॅट’चा २२वा रकाना म्हणजे प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळ, बूटपासून मोजलेली. नंबर आणि ही वेळ दोन्ही जुळली तरच तीच प्रोसेस.

१८ जून, बुधवार

आज बुधवार म्हणून सकाळीच फौंड्रीत जाऊन बसलो. अकराला जनरेटर धडधडला. एफडी १५, धरून ठेवलेल्या लॉग फाइलचा एक धरून. बाराला १५. लॉगर ठीक.

पण ठीक नसलेलं दुसरंच निघालं. साडेबाराला ऑफिसातले अकाउंट्सचे काका पायऱ्या उतरून स्वतः शेडमध्ये आले. चेहरा उतरलेला. सर्व्हरची डिस्क भरत आलीय असा मेसेज येत होता, म्हणून त्यांनी ‘एक मोठी फाइल’ डिलीट केली. त्यानंतर भट्टीचा चार्ट उघडेना. आणि विशेष म्हणजे डिस्क रिकामीही झाली नाही.

ती फाइल म्हणजे या महिन्याचं हीट ट्रीटमेंटचं रेकॉर्ड. १ जूनपासूनचं. शेवटचा बॅकअप ३१ मेचा. ज्या कास्टिंगची भट्टी झाली त्यांच्याबरोबर ग्राहकाला तापमानाचा चार्ट द्यावा लागतो. चार्ट नसेल तर माल कितीही चांगला असला तरी तो अडकतो. काका उभ्याउभ्याच म्हणाले, “मी मशीन रिस्टार्ट करून बघू का?”

“नको. काका, कुणीही कशालाही हात लावू नका.”

जिना चढताना माझ्याही छातीत धडधडत होतं. डिस्क रिकामी झाली नाही, हीच आशा होती. युनिक्समध्ये डिलीट म्हणजे फोल्डरमधलं नाव काढणं. ती फाइल कुणीतरी उघडून धरलेली असेल तर नाव गेलं तरी मजकूर डिस्कवर राहतो. धरणारा शेवटचा हात सुटला की मगच जागा मोकळी. आणि रिस्टार्ट म्हणजे सगळे हात सुटणं.

सर्व्हरवर माहिती गोळा करणारी प्रोसेस २२१७.

एलएस -एल /प्रॉक/२२१७/एफडी

० ते ६ नेहमीचे. सातवर फाइलचं पूर्ण नाव आणि पुढं तोच शेरा: डिलीटेड. तिथंच होती. एफडीमधल्या या लिंका दिसायला नुसत्या लिंका, पण त्या उघडल्या की कर्नेल नावावरून शोधत जात नाही, थेट त्या उघड्या फाइलपाशी नेतो. म्हणून नाव नसलेली फाइलही साध्या सीपीनं, म्हणजे कॉपीच्या कमांडनं, परत मिळते. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून पेनड्राइव्ह लावला.

सीपी /प्रॉक/२२१७/एफडी/७ /मीडिया/पेन/जून-रेकॉर्ड

काका माझ्या खांद्यामागं उभे होते. फाइल उघडली. पहिली ओळ १ जून, ००.००. शेवटची ओळ १८ जून, १२.४०. मधली एकही तारीख गेलेली नाही. काकांनी खुर्ची ओढली, बसले, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनीच सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मग क्रम असा: दरम्यान आलेल्या ओळींसाठी दुसरी प्रत घेतली, लगेच प्रोसेस थांबवली, फाइल जागेवर ठेवली, मालक आणि परवानग्या पूर्वीसारख्या केल्या, प्रोसेस सुरू. डिस्क खरी कशानं भरली होती तेही त्याच फोल्डरनं सांगितलं. दुसऱ्या एका प्रोसेसनं अशीच एक डिलीट झालेली डीबग लॉग धरून ठेवली होती, ३१ जीबीची. फायली शोधून मोजणाऱ्या डीयू कमांडला ती दिसत नाही कारण नाव नाही. डिस्कची एकूण जागा मोजणाऱ्या डीएफला दिसते कारण जागा व्यापलीय. या दोघांचे आकडे जुळेनासे झाले की एफडी फोल्डरांत ‘डिलीटेड’ शोधावं.

काकांना कुणी बोलू नये एवढं मालकांना सांगितलं. त्यांनी लगेच येऊन सांगितलं म्हणूनच वाचलं. बॅकअप आता रोज रात्री. तो आधीच रोजचा असायला हवा होता, आणि ते बघणं आमचं काम होतं.

२१ जून, शनिवार

मालकांकडं सर्व्हरच्या रॅमसाठी कोटेशन आलंय. ८ जीबीपैकी फक्त २१० एमबी रिकामी, म्हणून १६ करायची. घेण्याआधी /प्रॉक/मेमइन्फो त्यांच्यासमोर उघडली. मेमफ्री खरंच २१० एमबीच्या आसपास. पण लगेच खालच्याच ओळीत मेमअ‍ॅव्हेलेबल, जवळपास ४.९ जीबी. वाचलेल्या फायली लिनक्स रिकाम्या मेमरीत ठेवून देतो आणि गरज पडली की सोडतो. नुसती ‘फ्री’ बघून निर्णय घेतला तर प्रत्येक जुना सर्व्हर मरायला टेकलेला दिसेल. मेमअ‍ॅव्हेलेबल ही ओळ २०१४मध्ये, ३.१४ कर्नेलपासून आली, ती याच घोटाळ्यापायी.

दुसरा आक्षेप होता की आमचा प्रोग्रॅमच आठ प्रोसेस मिळून १,६८० एमबी खातो. प्रत्येकी २१० गुणिले आठ. पण आठही एकाच प्रोसेसमधून फुटलेल्या, मेमरीची बरीच पानं सामाईक. आरएसएसमध्ये, म्हणजे प्रोसेसनं व्यापलेल्या मेमरीच्या आकड्यात, तेच सामाईक पान आठ वेळा मोजलं जातं. ‘स्मॅप्स रोलअप’ फाइलमध्ये पीएसएस असतो, तो सामाईक पानाचा आठवा हिस्साच प्रत्येकीच्या नावावर लावतो. प्रत्येकी साधारण ६२ एमबी, मिळून पाचशेच्या आत. रॅमची खरेदी थांबली. ते पैसे बॅकअपच्या डिस्कला गेले.

२४ जून, मंगळवार

आजची नोंद कौतुकाची नाही. मुलगी सर्व्हरवर साध्या युजरनं लॉगिन करून /प्रॉक फिरत होती. तिला रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, अधिकार नाही. तरीही एका प्रोसेसच्या ‘कमांडलाइन’ फाइलमध्ये तिला डेटाबेसचा पासवर्ड सरळ दिसला. सुरू करताना कुणीतरी तो कमांडवरच लिहिला होता, आणि ती फाइल मुळातच सगळ्यांना वाचायला मोकळी. ‘एन्व्हायरन’मध्ये असता तर निदान त्याच युजरला किंवा रूटलाच दिसला असता. पासवर्ड बदलला, वेगळ्या फाइलमध्ये हलवला, ती फाइल फक्त त्या प्रोग्रॅमच्या युजरला वाचता येईल अशी केली.

शिवाय /प्रॉक माउंट करताना (सिस्टीमला जोडताना) हाइडपीआयडी=२ लावलं. मग एका युजरला दुसऱ्याच्या प्रोसेस दिसतच नाहीत. ही सोय २०१२मध्ये, ३.३ कर्नेलपासून आहे, तरी मी बघितलेल्या बहुतेक सर्व्हरवर कुणी लावलेली नसते. आमचा पहारा अर्थातच लगेच आंधळा झाला. त्याच्या युजरचा ग्रुप माउंटच्या ‘जीआयडी’मध्ये दिल्यावर त्याला परत दिसू लागलं.

जी वही आपल्याला उघडी, ती दुसऱ्यालाही उघडी. यंत्रावर चार माणसं लॉगिन करत असतील तर हे पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं.

२६ जून, गुरुवार

पहारा फौंड्रीच्या गेटवेवरही, म्हणजे नेटवर्कच्या दारातल्या यंत्रावरही, लावावा असं ठरलं. तिथं लिनक्स नाही, ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली सिस्टीम. /प्रॉक नाहीच. २०१५च्या ५.७ आवृत्तीत त्यांनी ते काढून टाकलं. फ्रीबीएसडीवर आहे पण आपोआप माउंट होत नाही, मॅकओएसवर नाही. ती मंडळी तीच माहिती सिसकंट्रोल या कर्नेल कॉलनं घेतात. उघड्या फायलींसाठी गेटवेवर एफस्टॅट ही कमांड आहे, काम झालं. त्यांची बाजू मला कळते: मजकुराचा साचा कर्नेल बदलला की बदलू शकतो, आणि हे सगळं सांभाळणारं कोड कर्नेलच्या आत वाढत जातं. लिनक्सच्या /प्रॉकमध्येही प्रोसेसशी संबंध नसलेलं बरंच साठलं, म्हणून तर उपकरणांसाठी वेगळं /सिस आलं. तरी पंधरा दिवसांपूर्वी त्या भट्टीशेजारी मला सिसकंट्रोलची जुळणी आठवत बसायला वेळ नव्हता. एलएस येत होतं, तेवढ्यावर झालं.

२ जुलै, बुधवार

दुरुस्तीनंतरचा तिसरा बुधवार. लॉगर १३ जूनपासून एकदाही बंद केलेला नाही. /प्रॉक/अपटाइममधला पहिला आकडा १६ लाख ४० हजार सेकंदांच्या पुढं गेलाय, म्हणजे एकोणीस दिवस.

पाऊस लागून राहिलाय. शिरोलीला जाताना पुलावर गाडी सावकाश घेतली, लोक कठड्याशी उभे राहून पाणी बघत होते. पोचलो तेव्हा मामा लॉगरसमोरच होते. लॅपटॉप मुलीनं लावून दिलेला, पण कमांड त्यांनी स्वतः, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केली. तिरकी रेघ कुठंय तेवढं विचारलं. एंटर दाबलं, आकडा बघितला, वहीत लिहिला.

मग स्वतःहून शेजारच्या लॉगरचा पीआयडी शोधला, त्याचाही आकडा काढला.

“ह्येचा सतरा येतोय, साहेब. गेल्या बुधवारी पंधरा हुता.”

बघितलं. दोन जास्तीच्या लिंका, दोन्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०. सिरियल केबल मध्ये सैल होऊन निसटली होती, दोन वेळा. पोर्ट पुन्हा उघडताना जुना बंद होत नाहीये. तीच चूक, दुसऱ्या दारातून. उद्या कोडमध्ये त्या जागी बघायचं. केबलचा स्क्रू मामांनी तेव्हाच आवळला.